आवेगातला विसरलेला वेळ

रागाच्या भरात कुणी हात उचलला, झटक्यात कर्ज काढून नको ती वस्तू घेतली, आलेला मजकूर न वाचताच पुढे ढकलला, किंवा कुणी जीव द्यायला निघालं, की आपलं निदान ठरलेलं असतं: ‘मनावर ताबा नाही.’ निदान झालं की औषधही ठरतं. संयम शिकवा, संस्कार करा, मूल्यशिक्षणाचा एक तास वाढवा. आवेग म्हणजे आतून उसळणारा जोर आणि संयम म्हणजे त्याला अडवणारा तेवढाच दुसरा जोर, असं चित्र यामागे गृहीत धरलेलं असतं. ज्याचा दुसरा जोर कमी पडला तो माणूस कच्चा.

हे चित्र मला अपुरं वाटतं, आणि त्यावर सार्वजनिक धोरण उभं केलं तर ते घातक ठरतं. कारण त्यात वेळ कुठेच नाही.

पदार्थविज्ञानात हाच शब्द वेळेशिवाय उच्चारताच येत नाही. तिथे आवेग म्हणजे बल आणि ते बल जितका काळ काम करतं तो काळ, यांचा गुणाकार. वस्तूच्या संवेगात, म्हणजे तिचं वस्तुमान आणि वेग यांच्या गुणाकारात, जेवढा बदल होतो तेवढा तिला मिळालेला आवेग. न्यूटनने 1687 साली आपला दुसरा नियम मांडला तोही मुळात गतीत होणाऱ्या बदलाच्या भाषेत. या गुणाकाराची गंमत अशी, की एकच परिणाम दोन टोकांनी साधता येतो: प्रचंड बल क्षणभर, किंवा थोडं बल पुष्कळ वेळ.

मोटारीचा अपघात घेऊ. 70 किलो वजनाचा माणूस ताशी 54 किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला 15 मीटर वेगाने चालला आहे. गाडी भिंतीवर आदळली की त्याचा संवेग, 1,050 एकक, शून्यावर यायलाच हवा. त्यात काही सूट नाही. समोरच्या कठीण भागावर आपटून तो सेकंदाच्या शंभराव्या भागात थांबला, तर त्याच्या शरीरावर सरासरी 1,05,000 न्यूटन बल येतं, त्याच्या वजनाच्या दीडशेपट. तेच थांबणं सेकंदाच्या दहाव्या भागात झालं तर बल 10,500 न्यूटन. दीडशेपटीऐवजी पंधरापट. माणूस तोच, वेग तोच, भिंतही तीच. फरक सेकंदाच्या नऊ शतांश भागाचा, आणि त्यात मरण आणि जगणं यांतलं अंतर आहे.

बेला बॅरेनी यांनी 1950 च्या दशकात गाडीचा पुढचा-मागचा भाग मुद्दाम चुरडू देण्याची कल्पना मांडली, नील्स बोलिन यांनी 1959 मध्ये तीन बिंदूंचा आसनपट्टा दिला, पुढे हवेच्या पिशव्या आल्या. या सगळ्यांनी एकच केलं, थांबण्याला वेळ मिळवून दिला. त्याआधी बराच काळ अपघात म्हणजे चालकाचा दोष, एवढंच मानलं जायचं. चालकाचा दोष असतोच, पण तो शोधून काढल्याने गाडीतल्या कुणाची छाती वाचत नाही.

मनाच्या आवेगाबाबत आपण अजून त्या जुन्या काळात आहोत.

मनातली ऊर्मीसुद्धा क्षणार्धात, वेळ न घेता घडते असं एके काळी विद्वानही मानत. मज्जातंतूतला आवेग, म्हणजे त्यातून धावणारा संदेश, इतका वेगवान असेल की तो मोजताच येणार नाही, असं मोठ्या शरीरशास्त्रज्ञांचं मत होतं. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्त्झ यांनी 1850 मध्ये बेडकाच्या स्नायूला जोडलेल्या तंतूवर दोन वेगवेगळ्या अंतरांवरून उद्दीपन देऊन स्नायू आखडायला किती उशीर होतो ते मोजलं. वेग निघाला सेकंदाला 27 मीटरच्या आसपास. ध्वनीपेक्षाही कितीतरी कमी! विचार आणि कृती यांच्यामध्ये मोजता येणारा काळ आहे, हे तेव्हा प्रथम आकड्यांत सिद्ध झालं. पुढे 1952 मध्ये हॉजकिन आणि हक्सली यांनी माखळीच्या जाड मज्जातंतूवर काम करून हा आवेग कसा उठतो त्याचं गणित मांडलं आणि 1963 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. उद्दीपनाने एक ठरावीक उंबरठा ओलांडला की तो आवेग पूर्ण जोराने धावतो, नाही ओलांडला तर उठतच नाही. अर्धामुर्धा असा प्रकार नाही. म्हणजे एकेका तंतूच्या पातळीवरही अडवायचं असेल तर ते उंबरठ्याच्या अलीकडे.

बेंजामिन लिबेट यांचा 1983 चा प्रयोग या संदर्भात नेहमी सांगितला जातो. हात हलवायची इच्छा झाल्याचं माणसाला जाणवण्याआधीच मेंदूत तयारी सुरू झालेली दिसते, असा तो निष्कर्ष. त्याच्या अर्थावर आजही वाद आहे आणि त्यावरून माणसाला इच्छास्वातंत्र्यच नाही असं म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. स्वतः लिबेट यांचं म्हणणं होतं की जाणीव आणि हालचाल यांच्यामध्ये उरणाऱ्या सुमारे 200 मिलिसेकंदांत माणूस ‘नको’ म्हणू शकतो. पण सार्वजनिक आयुष्यातले आवेग मिलिसेकंदांत मोजायचे नसतात. ते मिनिटांचे, तासांचे असतात. तिथे आपल्या हाती करण्यासारखं पुष्कळ आहे.

सगळ्यात जड उदाहरण आधी घेतो, कारण तिथे पुरावा सगळ्यात भक्कम आहे. सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल 1937 मध्ये खुला झाला. त्या वर्षापासून 1971 पर्यंत तिथे आत्महत्येच्या प्रयत्नातून 515 माणसांना अडवून परत आणण्यात आलं होतं. ‘आज अडवलं तरी उद्या दुसरीकडे जातीलच’ असं तेव्हाही सगळे म्हणत. रिचर्ड सायडन या संशोधकांनी या माणसांचं पुढे काय झालं ते शोधून काढलं आणि 1978 मध्ये प्रसिद्ध केलं. जवळपास 94 टक्के माणसं एकतर जिवंत होती किंवा नैसर्गिक कारणाने वारली होती. ज्यांच्याबद्दल समाजाने ‘यांचं ठरलेलंच आहे’ असं गृहीत धरलं होतं, त्यांचं काहीच ठरलेलं नव्हतं. एक घडी होती, ती टळली. एवढं ठाऊक असूनही त्या पुलाखाली जाळी पूर्ण व्हायला 2024 साल उजाडलं. सायडन यांच्या निबंधानंतर 46 वर्षं. पुलाचं रूप बिघडेल, पैसा वाया जाईल, मरायचं त्याला कोण अडवणार, हे युक्तिवाद इतकी वर्षं टिकले, कारण आवेगात वेळ असतो हे लोकांच्या गळी उतरत नव्हतं.

श्रीलंकेने हे जास्त लवकर ओळखलं. 1990 च्या दशकात तिथे आत्महत्यांचं प्रमाण जगात अतिशय वरचं होतं आणि घराघरांत शेतीसाठी ठेवलेली जहाल कीटकनाशकं त्यामागचं मोठं कारण होतं. रुग्णालयांत वाचलेल्यांशी बोलल्यावर दिसलं की त्यांतल्या अनेकांनी त्या कृतीआधी अर्धा तासही विचार केलेला नव्हता. सरकारने लोकांचं मनोबल वाढवण्याची वाट पाहिली नाही. 1995 पर्यंत सर्वाधिक विषारी गटातली रसायनं बंद केली, मग टप्प्याटप्प्याने आणखी काही. पुढच्या वीस वर्षांत आत्महत्यांचं प्रमाण सुमारे 70 टक्क्यांनी खाली आलं, आणि या बंदीमुळे पिकांचं उत्पादन घटल्याचंही दिसलं नाही. भांडणं थांबली नव्हती. दारिद्र्य, कर्ज, अपमान सगळं होतं. दुःखाचा जोर तोच होता, पण त्या घडीला हाताशी आलेली वस्तू आता तेवढी जीवघेणी नव्हती. माणसाला सकाळ दिसण्याइतका वेळ मिळाला. ब्रिटनमध्ये सप्टेंबर 1998 पासून पॅरासिटामॉलच्या पाकिटातल्या गोळ्यांची संख्या कमी केली, तेव्हाही त्या औषधामुळे होणाऱ्या मृत्यूंत स्पष्ट घट झाली.

मनोबलाच्या उपदेशाने आजवर कुठल्या देशात असा परिणाम साधला आहे? मला एकही उदाहरण माहीत नाही.

न्यायालयांना वेळेचं हे भान फार आधीपासून आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम 300 मधला पहिला अपवाद, जो आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 101 मध्ये आहे, असं म्हणतो की गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभामुळे आत्मसंयम सुटून हत्या झाली तर तो खून ठरत नाही, शिक्षा कमी होते. नौदल अधिकारी नानावटी यांनी पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घातल्या, त्या खटल्यात 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घड्याळच समोर ठेवलं. आरोपी दुपारी दीडला घरातून निघाला, 4 वाजून 20 मिनिटांनी गोळ्या झाडल्या गेल्या. मधल्या वेळात त्याने कुटुंबाला सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन खोटं कारण सांगून रिव्हॉल्व्हर आणि काडतुसं घेतली. भानावर यायला हा वेळ पुरेसा होता, असं न्यायालय म्हणालं आणि जन्मठेप कायम राहिली. या निकालाशी मी सहमत आहे.

पण कायद्याच्या या घड्याळात एक मोठा अन्याय दडलेला होता, आणि त्यावर मला जरा थांबायचं आहे. ‘आकस्मिक’ ही अट कुणाला सोयीची? ज्याच्या अंगात तिथल्या तिथे हल्ला करायची ताकद आहे त्याला. वर्षानुवर्षं मार खाणारी बाई त्या क्षणी उलट वार करू शकत नाही, केलाच तर तीच मरेल. किरणजीत अहलुवालिया यांनी इंग्लंडमध्ये दहा वर्षांच्या छळानंतर 1989 मध्ये नवऱ्याला जाळलं, तो झोपलेला असताना. मधे वेळ गेला म्हणून प्रक्षोभाचा बचाव मानला गेला नाही आणि खुनाची शिक्षा झाली. 1992 मध्ये अपील न्यायालयाने ती रद्द केली, तीही मानसिक स्थितीच्या वेगळ्या आधारावर. अखेर ब्रिटनच्या 2009 च्या कायद्याने जुना प्रक्षोभाचा बचाव मोडीत काढला आणि संयम सुटणं ‘आकस्मिक’ असण्याची अट काढून टाकली. त्याच कायद्याने जोडीदाराची बाहेरख्याली एवढंच कारण प्रक्षोभासाठी पुरेसं नाही असंही ठरवलं.

इथे गुणाकाराचं दुसरं टोक दिसतं. 2007 मध्ये सोडलेल्या ‘नासा’च्या डॉन या अंतराळयानाचं आयन इंजिन कागदाच्या एका पानाच्या वजनाइतकं बल लावत होतं. पण वर्षानुवर्षं लावत राहिलं, आणि यानाच्या वेगात एकूण बदल झाला सेकंदाला 11 किलोमीटरहून जास्त. रोजचा थोडा थोडा जाच असाच साठत जातो. दीडशेपट बलाचा एक फटका कायद्याला दिसत होता, दहा वर्षांचा सततचा रेटा दिसत नव्हता. वेळ मोजायचाच असेल तर तो कृतीआधीच्या तीन तासांचा मोजून भागत नाही, मागच्या वर्षांचाही मोजावा लागतो.

आता वळतो त्या ठिकाणाकडे जिथे आज वेळ पद्धतशीरपणे हिरावून घेतला जातो आहे. दुकानदाराने पैसे भरायच्या जागेजवळ गोड पदार्थ मांडणं ही जुनी युक्ती. इंग्लंडने ऑक्टोबर 2022 पासून मोठ्या दुकानांत त्या जागी जास्त साखर-मीठ-चरबीच्या पदार्थांना बंदी केली. पण पडद्यावरच्या दुकानापुढे ही युक्ती काहीच नाही. ॲमेझॉनला 1999 मध्ये एका टिचकीत खरेदीचं पेटंट मिळालं, ते 2017 मध्ये संपलं आणि ती सोय सर्वांना मोकळी झाली. त्या पेटंटमध्ये विकण्यासारखं काय होतं? पत्ता टाकणं, कार्डाचा क्रमांक शोधणं, ‘नक्की घ्यायचं का?’ असा प्रश्न वाचणं, या सगळ्यात जाणारं मिनिट. ते मिनिट काढून टाकलं की विक्री वाढते. म्हणजे त्या मिनिटात पुष्कळ माणसं स्वतःच्या बुद्धीने मागे फिरत होती, हे या उद्योगाला आपल्यापेक्षा आधी कळलं होतं. कधीच न संपणारं पान, आपोआप सुरू होणारा पुढचा भाग, खाली पळणारे सेकंद दाखवणारी ‘सवलत’, सगळ्यांचा हेतू एकच: थांबायची जागा नाहीशी करणं. न संपणाऱ्या पानाची रचना 2006 मध्ये करणाऱ्या एझा रॅस्किन यांनी पुढे त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला.

उलट बाजूचा पुरावाही याच उद्योगाने दिला आहे. व्हॉट्सॲपने अफवांमुळे झालेल्या हत्यांनंतर 2018 मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मजकूर पुढे पाठवायची मर्यादा घातली. एप्रिल 2020 मध्ये फार फिरलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं, तेव्हा असे संदेश 70 टक्क्यांनी घटल्याचं कंपनीनेच सांगितलं. कुणाचं तोंड दाबलं नव्हतं. ज्याला पन्नास जणांना पाठवायचं तो पन्नास वेळा बोट दाबून पाठवू शकत होता. त्या घडीचं दृश्य डोळ्यांसमोर आणा: मजकूर वाचून रक्त तापलेलं, अंगठा बाणावर टेकलेला, एक नाव निवडलं, गेला. दुसऱ्यासाठी पुन्हा मागे, पुन्हा बाण, पुन्हा नाव. तिसऱ्या-चौथ्या खेपेला अंगठा सैल पडतो. राग ओसरायला एवढंसं अंतर पुरलं. ट्विटरने 2020 मध्ये ‘आधी लेख उघडून पाहणार का?’ एवढंच विचारायला सुरुवात केली, तर लेख उघडणाऱ्यांचं प्रमाण 40 टक्क्यांनी वाढलं.

यावर स्वातंत्र्यवादी मंडळींचा आक्षेप असतो आणि तो मी हलका मानत नाही. सज्ञान माणसाला त्याच्या हिताचं सरकारने का शिकवावं? पण वेळ देणं म्हणजे बंदी नव्हे. युरोपात ऑनलाइन खरेदी 14 दिवसांत कारण न देता परत करता येते, म्हणून तिथला ग्राहक कमी स्वतंत्र झालेला नाही. उद्या सकाळीही मला तेच हवं असेल तर ती माझी इच्छा. रात्री साडेअकराला दमलेल्या डोळ्यांपुढे पळत्या सेकंदांचा आकडा नाचवून घेतलेल्या होकाराला इच्छा म्हणायला माझी तयारी नाही. स्वातंत्र्याचा कैवार घ्यायचा तर त्या हिरावलेल्या मिनिटाचा घ्यायला हवा.

दुसरी शंका मात्र मला स्वतःला जास्त सतावते. वेळ हे हत्यारही असतं. योजनेचा लाभ मागणाऱ्याला सात अर्ज, सदस्यत्व रद्द करणाऱ्याला पाच पडदे, तक्रार नोंदवायला आलेल्या बाईला ‘उद्या या’. तिथे दिरंगाई मुद्दाम पेरलेली असते, कारण धीर सुटून माणूस परत जाईल हे पेरणाऱ्याला ठाऊक असतं. मदत मागायचाही आवेग असतो आणि तोही ओसरतो. आतल्या वेदनेला वाचा फोडायचं धैर्य कुणी एकदाच गोळा करतो. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीच्या 14416 क्रमांकावर आलेला फोन लगेच उचलला गेला नाही, तर ते धैर्य पुन्हा कधी येईल कोण सांगणार? बुडणाऱ्याला पाहून पाण्यात उडी घेणाराही आवेगातच असतो, आणि त्याने विचार करत काठावर थांबावं असं कुणी म्हणणार नाही. म्हणून कसोटी अशी हवी: जिथे झालेलं परत फिरवता येत नाही आणि घाईचा फायदा दुसऱ्याच कुणाला होतो, तिथे वेळ वाढवायचा. जिथे माणूस आधार मागतो आहे तिथे तो कमी करायचा. आज नेमकं उलटं आहे. कर्ज मिनिटांत मिळतं, तक्रार महिनोन्‌महिने रखडते.

‘मुलांना वाट पाहायला शिकवा’ म्हणणाऱ्यांनी सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांचा 2013 चा प्रयोग पाहावा. आता एक गोड खाऊ, थांबलास तर दोन, हा खेळ त्यांनी थोडा बदलला. आधी एका गटातल्या मुलांना दिलेला शब्द पाळला, दुसऱ्या गटातल्यांना दिलेला मोडला. शब्द पाळला गेलेली मुलं सरासरी 12 मिनिटं थांबली, फसवली गेलेली 3 मिनिटं. संयम मुलाच्या अंगभूत स्वभावातच असतो असं मानून त्याची परीक्षा घेणाऱ्या प्रौढांनी आधी स्वतःच्या शब्दाची परीक्षा द्यायला हवी. ज्याच्या वाट्याला आजवर फसवणूकच आली, त्याने हाती आलेलं लगेच घेणं हा शहाणपणाही असू शकतो.

भारतापुरतं बोलायचं तर काही पावलं पडली आहेत. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये ग्राहकाला चकवणाऱ्या 13 प्रकारच्या ऑनलाइन रचनांना अनुचित ठरवणारी मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यांत खोटी घाई लावणं हा प्रकार आहे. रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये ॲपवरच्या कर्जांसाठी परत फिरण्याची मुदत सक्तीची केली. पण ही मुदत पैसे हातात पडल्यानंतरची आहे. एकदा रक्कम खात्यात आली, खर्च झाली, की परत फिरायचं कशाने? माझी मागणी साधी आहे. ॲपवर मागितलेलं विनातारण कर्ज त्याच रात्री खात्यात पडू नये, दुसऱ्या दिवशी सकाळी कर्जदाराने पुन्हा एकदा होकार दिल्यावरच पडावं. रुग्णालयाचं बिल भरायचं असेल तर रक्कम थेट रुग्णालयाच्या खात्यात लगेच जाऊ द्यावी, म्हणजे अडलेल्याचं अडत नाही. कर्ज देणाऱ्या कंपन्या म्हणतील की असं केलं तर निम्मे लोक सकाळी येणारच नाहीत. त्यांनी हे लेखी द्यावं. नियम करायला तेवढा पुरावा पुरे.